हातावरची साखर

उमानं सुहासिनीच्या हातावर चिमूटभर साखर ठेवली आणि त्यानंतर आमच्या स्वयंपाकघरात कुणीच काही बोलेना.

गुरुवारची संध्याकाळ होती. सुहासिनी ऑफिसातून घरी जाता जाता चहाला थांबली होती. ती ओटावाच्या कनाटा या उपनगरातच, आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहते. निर्वासितांची अपिलं ऐकणाऱ्या एका ट्रायब्युनलवर तिची सरकारी नेमणूक होती आणि तिची मुदत सोमवारी संपत होती. पुन्हा नेमतील की नाही याचा महिनाभर पत्ता नव्हता. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मुलगा तिकडे लांब एडमंटनला. बाईचा सगळा जीव त्या फायलींत. कुठल्या देशातून कोण कसा पळून आला हे ती घरी आणून वाचते आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसासमोर बसून तीन-तीन तास ऐकते. ते गेलं तर तिनं सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न आम्हालाही पडलेला होता.

मला आडून आडून बोलता येत नाही. सरळ विचारलं, "मग? काही कळलं का?"

"सोमवार काही लांब नाही, शशिकांतराव," ती म्हणाली. "जे असेल ते दिसेलच." एवढं म्हणताना तिचे डोळे भरून आले.

उमा उठली. मला वाटलं, टिश्यूचा डबा आणायला गेली. ती साखरेचा डबा घेऊन आली आणि शांतपणे, देवाचा प्रसाद द्यावा तशी तिनं साखर दिली. सुहासिनीनं आधी हाताकडे पाहिलं, मग उमाकडे. साखर तोंडात टाकली, चहा अर्धा टाकून उठली, बूट चढवले आणि गेली.

हातावर साखर कधी ठेवतात हे मी मराठी माणसाला सांगायला नको. पोरगं पास झालं, घरात बाळ आलं, इथं कायमचं राहायची पी.आर. मंजूर झाली की ठेवतात. रडणाऱ्या बाईच्या हातावर साखर ठेवलेली मी तरी पाहिली नव्हती.

उमा बेसिनशी उभी राहून तोच कप दुसऱ्यांदा घासत होती. "अहो," ती म्हणाली, "उद्या मला ऑफिसला सोडाल का? माझ्यानं गाडी चालवणं होणार नाही."

"का? काय झालं?"

"मी शपथ मोडली."

आता ही शपथ काय, ते सांगायला हवं. माझी बायको प्रिव्ही कौन्सिलच्या कागदांचं काम करते. चोवीस वर्षं झाली. त्या कामाबद्दल मला जे काही माहीत आहे, ते मी सरकारी वेबसाइटवरून जमवलेलं आहे. कॅनडाला राजा आहे, पण तो राहतो लंडनला. त्याच्या वतीनं ओटावात गव्हर्नर जनरल. त्यांनी काय करावं याचा सल्ला देणारं मंडळ म्हणजे प्रिव्ही कौन्सिल. नावाला त्यात शेकडो माणसं, आणि एकदा झाला तो मरेपर्यंत सभासद. खरं काम मात्र चालू मंत्र्यांचं. चार मंत्र्यांच्या सह्या झाल्या की कागद गव्हर्नर जनरलकडे जातो, तिथं सही झाली की त्याचा हुकूम होतो. मग त्या हुकमाला नंबर पडतो आणि तो रजिस्टरला चढतो. ते काम उमाचं.

हुकमाची नोंद झाल्यापासून तो वेबसाइटवर लागेपर्यंत दोन-चार दिवस जातात. त्या दिवसांत उमाच्या पोटात काय काय असतं, देव जाणे. नोकरीला लागताना तिनं गुप्ततेची शपथ घेतली आणि ती अशी काही पाळली की आमच्या घरात 'आज ऑफिसात काम जास्त होतं' हे वाक्यही बोललं जात नाही. काम जास्त होतं म्हणजे काहीतरी शिजतंय, ही बातमीच झाली, असं तिचं म्हणणं. मी तिला हरिश्चंद्राची धाकटी बहीण म्हणतो. ती ऐकून घेते.

बुधवारी तिच्या हातात नेमणुकांचे सही झालेले हुकूम आले. ओळखीच्या माणसाचा कागद आपण हाताळायचा नाही हा तिथला नियम, म्हणून सुहासिनीची फाइल तिनं आधीच दुसऱ्या टेबलावर दिलेली होती. पण रजिस्टर एकच. नंबर चढवताना तिला ते नाव दिसलं. तिनं ते पोटात ठेवलं, गुरुवारचा अख्खा दिवस ठेवलं, आणि संध्याकाळी मैत्रिणीच्या डोळ्यांत पाणी पाहिल्यावर तिचा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे गेला. हे सगळं मला नंतर कळलं. त्या संध्याकाळी तिनं फक्त एवढंच सांगितलं, की सकाळी जाऊन ती आपल्या साहेबीणबाईंना, सोलांजला, स्वतःहून सांगणार आहे.

शुक्रवारी सकाळी बर्फ भुरभुरत होतं. हायवेवर गाड्या गोगलगायीसारख्या सरकत होत्या, त्यामुळे मला भांडायला भरपूर वेळ मिळाला.

"तू एक अक्षर बोलली नाहीस," मी म्हणालो. "साखर म्हणजे साखर. तुझ्या ऑफिसातल्या लोकांना त्यातलं काय कळणार आहे?"

"तुम्हाला कळलं ना?"

"मी मराठी आहे."

"तीही मराठीच आहे."

मी वायपरचा वेग वाढवला आणि म्हणालो, "एप्रिलमध्ये रिटायर होतेयस. अकरा आठवडे राहिलेत. तोंड मिटून बस. तेवढंच तर तुला छान येतं."

मी हे लागेल असं बोललो, आणि मुद्दाम बोललो. त्याला कारण होतं. अकरा वर्षांपूर्वी मी कनाटातल्या एका टेलिकॉम कंपनीत होतो. ती एका परदेशी कंपनीला विकली जायची होती आणि आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या त्या सौद्यावर टांगलेल्या होत्या. सरकारनं सौदा अडवला. मला ते टीव्हीवर कळलं, तेव्हा उमा माझ्या शेजारी बसून मटार सोलत होती. अडवण्याचा हुकूम तिच्याच रजिस्टरला चढला होता, म्हणजे तिला तीन दिवस माहीत होतं. तीन दिवस मी घरात नव्या मालकाचे मनोरे रचत होतो आणि तिनं तोंडातून ब्र काढला नाही. महिन्याभरात आमचं डिपार्टमेंट बंद झालं. मी तिच्याशी दीड महिना कामापुरतंच बोललो. पुढे दुसरी नोकरी लागली, राग गेला, म्हणजे गेला असं मी समजत होतो. पण काल ती साखर बघितल्यावर तो जसाच्या तसा वर आला. माझ्यासाठी जी शपथ मोडली नाही, ती सुहासिनीसाठी मोडली.

"मला काय येतं ते मला ठाऊक आहे," उमा म्हणाली. "काल नाही आलं. चोवीस वर्षांत एक दिवस नाही आलं, आणि तो मला लपवायचा नाहीये."

डाउनटाउनला तिच्या इमारतीसमोर उतरताना ती म्हणाली, "गुप्त कागद हाताळायचा क्लिअरन्स काढून घेतला तर लगेच टेबल रिकामं करायला लावतील. बॉक्स उचलायला या. लांब जाऊ नका." कोटाची सगळी बटणं लावून ती आत गेली. तिची पाठ एरवीपेक्षा ताठ होती, आणि मला तिचा अभिमानही वाटला, रागही आला.

मी समोरच्या कॉफी शॉपमध्ये खिडकीशी बसलो. दार उघडलं की मी बघायचो. कुणीतरी पुठ्ठ्याचा बॉक्स घेऊन बाहेर आलं आणि मी खुर्चीतून अर्धा उठलो. तो पिझ्झा घेऊन निघालेला माणूस होता. माझी बायको या देशात आली तेव्हा तिला कुणी हात धरून नोकरी दिली नव्हती. फाइलिंगच्या तात्पुरत्या नोकरीपासून ती इथवर आली होती. तिचा निरोपसमारंभ व्हावा, केक कापला जावा, तिनं नको नको म्हणत भाषण करावं, एवढी एकच गोष्ट मला त्या खिडकीत बसून हवी होती. त्याऐवजी तिला मान खाली घालून मागच्या दारानं यावं लागलं तर काय, हा विचार काही केल्या जाईना.

सव्वाअकराला फोन वाजला. सुहासिनी होती.

"शशिकांतराव, लिस्ट लागली. पुन्हा पाच वर्षं. आता बोलायला हरकत नाही."

"अभिनंदन," मी म्हणालो, आणि मग राहवलं नाही. "तुमच्या साखरेपायी उमा आत स्वतःची तक्रार करायला गेलीय. दोन तास झाले."

ती म्हणाली, "अगं बाई. पण मला तर कालच फोन आला होता. दुपारी तीनला, मिनिस्टरच्या ऑफिसातून. लिस्ट लागेपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही म्हणाले. घरी जाऊन एकटीला बसवेना, म्हणून तुमच्याकडे आले. नुसती बसायला."

"मग रडलात कशाला?"

"आनंदानं रडायला माझ्या घरी कोण आहे?"

मी कॉफीचा कप बाजूला सारला.

"उमानं साखर दिली तेव्हा वाटलं, आता माझ्या तोंडून निघणार," ती म्हणाली. "म्हणून चहा टाकून पळाले. मीही शपथेतलीच बाई आहे, शशिकांतराव."

म्हणजे आदल्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात दोन बाया एकच बातमी पोटात धरून एकमेकींसमोर बसल्या होत्या, आणि त्या बातमीवाचून कोरडा असा मी एकटाच. मी उमाला फोन लावला. लागला नाही. तिथं फोन आत नेऊ देत नाहीत, बाहेरच्या कप्प्यात ठेवावा लागतो. सुटकेची बातमी माझ्या खिशात, आणि ती आत फासावर चढायला निघालेली. रस्ता ओलांडून मी इमारतीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. गार्डनं दोनदा विचारलं, "सर, कॅन आय हेल्प यू?" मी दोनदा नाही म्हणालो.

बाराला पाच-दहा मिनिटं असताना ती आली. हात रिकामे होते. मी तिच्या चेहऱ्याकडे नंतर पाहिलं, आधी हातांकडे.

गाडीत हीटर लावल्यावर ती बोलायला लागली. सोलांजनं तीनदा विचारलं, नेमकं काय सांगितलंस. उमानं तीनदा सांगितलं, काही नाही, साखर दिली. त्या साखरेचा अर्थ समजावता समजावता तिचा घसा सुकला. सोलांज हसली नाही. तिनं दार लावून घेतलं, कुठं कुठं फोन केले, दीड तास लावला, आणि शेवटी म्हणाली, "उमा, त्या बाईला काल दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी अधिकृतपणे कळवलेलं आहे. शी न्यू बिफोर यू. देअर इज नो ब्रीच. गो होम अँड हॅव सम सूप."

"मग झालं तर," मी म्हणालो. "सुटलीस."

"मी म्हटलं, लिहून ठेवा. तिला माहीत होतं हे मला कुठं माहीत होतं? मी तर दिलीच ना साखर."

"मग?"

"लिहिलं तिनं. दोन ओळी. मला वाचून दाखवल्या. 'एम्प्लॉयीनं साखर दिली. माहिती दिली नाही.'" आणि उमा हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मलाही हसू आवरेना. लाल सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस आमच्याकडे बघत होता. तिला निरोप मिळणार होता, केक मिळणार होता, ती समोरच्या दारानं बाहेर पडणार होती.

आनंदात माणसानं गप्प बसावं. पण मी माझ्या स्वभावाला काय करू? हायवेला लागल्यावर म्हणालोच, "सुहासिनीसाठी हात उठला तुझा. माझ्या वेळी नाही उठला."

ती बाहेर बघत होती. मला वाटलं, उत्तर देणार नाही. चोवीस वर्षांची सवय.

"तिची बातमी चांगली होती, अहो," ती म्हणाली. "तुमची वाईट होती. वाईट बातमीला हातावर काय ठेवतात?"

मी लेन बदलली.

"तीन रात्री तुम्ही शेजारी घोरत होतात," ती पुढे म्हणाली. "मी जागी. वाटायचं, उठवून सांगावं. मग वाटायचं, परवापासून यांना झोप लागणार नाहीये. आज लागलीय तर झोपू देत."

अकरा वर्षं मी एक राग जपला होता, आणि त्या तीन रात्री मी किती गाढ झोपलो होतो हे मला कधी आठवलंच नव्हतं. काहीतरी बोलावं म्हणून मी तिच्याकडे वळलो. उमा झोपली होती. मान खिडकीला टेकलेली, तोंड थोडं उघडं, हातमोजे मांडीवर. आदल्या रात्रभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मी रेडिओ बंद केला. आमची एक्झिट आली. तिथं वळलो की चार मिनिटांत घर, आणि गाडी थांबली की ती उठते. मी वळलो नाही. कनाटा मागे पडलं, कार्प मागे पडलं, मग दोन्ही बाजूंना नुसती पांढरी शेतं लागली आणि पुढच्या गावाच्या, आर्नप्रायरच्या, पाट्या दिसायला लागल्या. टाकीत पेट्रोल भरपूर होतं.