माझ्यावर स्पीकर ठेवू नका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे. किहीमजवळच्या एका कोळीवाड्यात, कबड्डीच्या मैदानाच्या कडेला असतो. होड्या बांधणाऱ्या धर्माजींनी मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्यांतून मला घडवलं. माझी गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगतो. मी वैतागलेलो आहे.

मला बनवून घेतलं हेमालीताईंनी. त्या अलिबागला फिजिओथेरपिस्ट आहेत. रविवारी त्या गावातल्या मुलींच्या संघाला व्यायाम शिकवायला यायच्या. मुलींना माझ्यावर चढवायच्या आणि खाली उडी मारायला लावायच्या. "आवाज न करता उतरा. गुडघे वाकवा. गुडघा आत पडू देऊ नका," असं बजावायच्या. मग एका पायावर तोल सांभाळणं, मग धावता धावता वळणं. "यानं दुखापत कधीच होणार नाही असं नाही," त्या म्हणायच्या, "पण गुडघ्याचं लिगामेंट फाटायचा धोका बराच कमी होतो. मात्र नेमानं करायला हवं."

मुलींच्या पावलांनी माझी वरची फळी गुळगुळीत झाली. मी खूश होतो.

मग स्पर्धांचे दिवस आले. संघाचे प्रशिक्षक विनेशदादा मनानं चांगले, पण घाईचे. ते म्हणाले, "ताई, पोरी कबड्डी खेळायला येतात, उड्या मारायला न्हाय. सामने संपले की बघू."

"दादा, सामने आहेत म्हणूनच हे हवं," ताईंनी परोपरीनं सांगितलं. उपयोग झाला नाही. त्यांचं येणं थांबलं आणि माझ्यावर लाऊडस्पीकर बसला. येणारेजाणारे म्हणायचे, "मजबूत हाय खोका." असलं कौतुक घेऊन मी काय करू?

केसर ही संघातली सगळ्यात चपळ चढाईपटू. तिची आई सोनाबाई बाजारात मासळी विकते. केसरला खेळाच्या जोरावर रेल्वेत नोकरी मिळवायची होती आणि निवड चाचणी तोंडावर आली होती. एका सामन्यात पकड चुकवायला ती उंच उडाली आणि एका ताठ पायावर उतरली. गुडघा आत वळला. तिला कुणाचा धक्काही लागला नव्हता. ती गुडघा धरून मातीत पडली. लोक हळहळले, "नशीब पोरीचं."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथेच भांडलो असतो. नशीब कसलं? गुडघा सांभाळून उतरायचं कसं, हे शिकवणं आपणच बंद केलं होतं.

लिगामेंट फाटलं होतं. ऑपरेशन झालं. निवड चाचणी तिच्याविनाच पार पडली.

काही महिन्यांनी केसर गुडघ्याला पट्टा बांधून मैदानावर आली.

"दादा, हा स्पीकर खाली घे."

"कशाला गो?"

"पोरींना उड्या मारायच्यात."

"अगं, सरावाला उशीर होतो."

"माझं अख्खं वर्ष वाया गेलं, दादा. तुला पंधरा मिनिटं जड होतात?"

विनेशदादांनी स्पीकर उचलला आणि हेमालीताईंना फोन लावला.

आता ताई पुन्हा येतात. तरी सामना जवळ आला की कुणीतरी म्हणतंच, "आज राहू द्या." माझा जीव नुसता चरफडतो. मित्रांनो, गुडघ्याची काळजी तो दुखायच्या आधी घ्या. खेळाआधी हा व्यायाम मागून घ्या, कुणी नाही म्हटलं तर पुन्हा मागा.

काल संघातली छोटी आरोही माझ्यावरून उतरली, तेव्हा तिचा गुडघा जरासा आत गेला. कुणाच्या लक्षात आलं नाही. कडेला बसलेली केसर तेवढी म्हणाली, "परत."

आरोही कुरकुरली, आणि माझ्यावर चढली.