आरासेलीचा विंझणा

मित्रांनो, मी एक जुना विंझणा आहे. हातात धरून वारा घ्यायचा, घडीचा. स्वस्थ बसणे आमच्या जातीला ठाऊक नाही, त्यामुळे सांगताना मी जरा इकडून तिकडे उड्या मारीन, तेवढे सांभाळून घ्या. गेल्या मे महिन्यात दोन दिवसांत मी अख्खे कोर्दोबा शहर पालथे घातले आणि त्यातले धड एकही ठिकाण पाहिले नाही. यात दोष माझा नव्हता. मी जिच्या हातात होतो त्या ओब्दुलियाचेच चित्त थाऱ्यावर नव्हते.

पण आधी माझा जन्म सांगायला हवा, नाहीतर तुम्हाला काही कळायचे नाही.

वालेन्सिया शहराजवळच्या एका गावात माझ्या काड्या कापल्या गेल्या. लाकूड नासपतीचे, कापड काळे सुती. एका बाईने त्यावर जाईची फांदी रंगवली. पाचवे फूल काढताना तिला शिंक आली आणि ते वाकडे झाले. ते अजून तसेच आहे, पाहा हवे तर. कोर्दोबाच्या जत्रेत आरासेली नावाच्या मुलीने शिवणकामाच्या पहिल्या पगारातून मला विकत घेतले. घेण्याआधी तिने मला इतक्या वेळा उघडले आणि मिटले, की शेवटी दुकानदार म्हणाला, बाई, घ्या नाहीतर ठेवा, पण त्याचा जीव घेऊ नका.

आरासेलीचे लग्न झाले, दोन मुली झाल्या. थोरली फुएन्सांता, धाकटी ओब्दुलिया. कोर्दोबाचा उन्हाळा म्हणजे अंगाची लाही लाही. दुपारी दारे-खिडक्या लावायच्या, फरशीवर पाणी शिंपडायचे आणि दोघी मुलींना चटईवर निजवून मध्ये आरासेलीने खुर्ची टाकून बसायचे. मग माझे काम सुरू व्हायचे. एकदा हिच्यावर वारा, एकदा तिच्यावर. दोघी डोळे मिटून पडलेल्या, पण लबाड मनात मोजत असायच्या. जरा कमीजास्त झाले की धाकटीची तक्रार आलीच, "आई, तिला दोन झाले, मला एकच." आरासेली वाद घालत नसे, एक जास्तीचा देई. मग थोरली कुरकुरे. त्या भानगडीत आईचा हात भरून येई, पण वारा काही थांबत नसे.

पाच वर्षांची असताना ओब्दुलिया माझ्यावर बसली आणि माझी एक काडी मोडली. वडिलांनी ती तांब्याच्या बारीक तारेने बांधली. तेव्हापासून मी उघडलो की आधी सर्र आवाज होतो आणि मग शेवटी एक टक्. चर्चमध्ये तो टक् ऐकला की मागे वळून न बघता बायका सरकून जागा करायच्या, आरासेली आली म्हणून. केवढा तोरा होता तेव्हा माझा!

मुली मोठ्या झाल्या. फुएन्सांता आईजवळच राहिली. ओब्दुलिया लग्न होऊन दूर उत्तरेला बिल्बाओला गेली आणि तिथे तिने मासळीचे दुकान थाटले. पुढे आरासेली आजारी पडली आणि आठ महिने अंथरुणाला खिळून होती. त्या सगळ्या उन्हाळ्यात फुएन्सांताने मला खाली ठेवले नाही. तिचे मनगट सुजले, तर तिने हात बदलला. ओब्दुलियाचा दर रविवारी फोन येई, या आठवड्यात नाही जमत, पुढच्या आठवड्यात नक्की येते. पण दुकान तिला सोडवेना, आणि ती आली ती थेट माती द्यायला.

त्या संध्याकाळी तिने मला आईच्या उशाजवळून उचलले आणि पर्समध्ये टाकले. विचारले नाही, सांगितले नाही. फुएन्सांता दारातच उभी होती.

"आठ महिन्यांत आईला वारा घालायला आली नाहीस," ती म्हणाली, "आणि आता विंझणा न्यायला आलीस होय!"

ओब्दुलियाने मला परत ठेवायला हवे होते, किंवा रडायला हवे होते, काहीतरी बोलायला हवे होते. तिने पर्सचे बटण लावले आणि निघून आली. त्यानंतर अकरा वर्षे दोघी बहिणींनी एकमेकींचा आवाज ऐकला नाही.

ती अकरा वर्षे मी एका खणात काढली, मित्रांनो. बिल्बाओत उन्हाळ्यातही पाऊस भुरभुरतो, माणसे छत्री घेऊन फिरतात. तिथे विंझणा कोण विचारतो? जुन्या किल्ल्या आणि संपलेल्या बॅटऱ्या हे माझे शेजारी. नाताळात एकदा ओब्दुलिया मला बाहेर काढी, नाकाशी धरी आणि न उघडताच परत ठेवी. माझ्यासारख्या चळवळ्याला याहून मोठी शिक्षा नाही. मिटून राहून राहून माझे कापड घड्यांवर कडक झाले.

मग गेल्या मे महिन्यात टीव्हीवर कोर्दोबाची अंगणे दाखवली. दरवर्षी मे महिन्यात दोन आठवडे तिथले लोक आपापल्या घरांची आतली अंगणे फुलांनी भरून टाकतात आणि दारे सगळ्यांसाठी उघडी ठेवतात. कुणीही यावे, रांगेत उभे राहावे, आत येऊन बघावे. घरधन्याने कुणाला परतवायचे नाही, कुठून आलात म्हणून अडवायचे नाही, अशी रीत आहे. त्या टीव्हीवर एकाएकी आरासेलीचेच अंगण दिसले. एक वाळलेली म्हातारी, फुएन्सांताच ती, लांब वेताच्या टोकाला बांधलेल्या डब्याने भिंतीवरच्या उंच कुंड्यांना पाणी घालत होती, आणि तिचा हात असा कापत होता की निम्मे पाणी भिंतीलाच जात होते. ओब्दुलियाने टीव्ही बंद केला. दुसऱ्या दिवशी तिने तिकीट काढले.

मुलाला मात्र तिने सांगितले, दोन दिवस जरा एकटीच फिरून येते, शहर बघून येते. तो बिचारा खूश झाला. त्याने आईला नकाशा आणून दिला आणि बघायच्या सहा जागांची यादी करून दिली. मला तिने पर्समध्ये घातले. माझ्या काड्यांना कंप सुटला होता.

आणि मग काय सांगू! जिथे जन्मली, वाढली, त्या गावात ही बाई नकाशा घेऊन परक्यासारखी भटकत होती. पहिल्या सकाळी ती मोठ्या मशिदीत गेली, जिचे आता चर्च आहे. तांबड्या-पांढऱ्या कमानींखाली खांबांचे नुसते रान. लोक माना वर करून बघत होते आणि ही बाकावर बसून मला उघडत होती, मिटत होती. सर्र, टक्. सर्र, टक्. तिथून नदीवरचा जुना पूल. अर्ध्या पुलावर देवदूताच्या मूर्तीपुढे तिने मेणबत्ती लावली, चार पावले गेली, परत आली, दुसरी लावली. मग किल्ल्याच्या बागा. मग टोमॅटोच्या गार घट्ट साराची वाटी मागवून अर्धी तशीच टाकली. यादीतल्या जागांवर ती पटापट फुल्या मारत होती. सहावी जागा होती, जुन्या वस्तीतली अंगणे.

आईच्या गल्लीच्या तोंडाशी ती त्या दिवशी तीनदा गेली. तिन्ही वेळा माझी घडी आवळून माघारी फिरली.

मशिदीजवळ रोझमेरीची डहाळी हातात देऊन भविष्य सांगणाऱ्या बायका असतात. त्यातली एक आडवी आली. ओब्दुलियाने तिला नको म्हटले, पण ते अस्सल तिथल्याच हेलात म्हटले.

"अगं, तू तर इथलीच!" ती बाई म्हणाली. "मग नकाशा गं कशाला घेतलायस? घर विसरलीस का?"

ती थट्टेत बोलली होती, पण ओब्दुलियाला ते लागले. रात्री हॉटेलात तिने नकाशा फाडला.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी संध्याकाळी पावणेआठला होती. तिने मनाशी हिशेब केला. घराची घंटी वाजवायची हिंमत नाही, पण रांगेत उभे राहायला काय हरकत आहे? चार पाहुण्यांत पाचवी. बघायचे, विंझणा हळूच आईच्या विहिरीच्या काठावर ठेवायचा आणि निघायचे. तोंड दाखवायची गरज नाही. मला हे मुळीच आवडले नाही, पण विंझण्याला विचारतो कोण?

एक वाजता ती रांगेत लागली. पुढे वीसेक माणसे. नंबर जवळ आला की तिला धाप लागे आणि ती मागच्यांना म्हणे, तुम्ही व्हा पुढे, मी जरा श्वास घेते. असे तिने दोन कुटुंबे आणि एक नवे जोडपे पुढे घातले. अखेर ती उंबऱ्याशी आली आणि दारावर रांग सांभाळणाऱ्या माणसाने दार ओढून घेतले. दोन वाजले, तो म्हणाला, आता सहाला या.

पाहा, कोर्दोबात जन्मलेली बाई दुपारची झोप विसरली! दोन ते सहा तिथे कुत्रेसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. बिल्बाओने तिला हेही विसरायला लावले होते. चार तास ती संत्र्याच्या झाडाखाली बसली. दुकाने बंद, खिडक्या बंद, ऊन रणरणते. तिने मला इतके हलवले की जाईच्या फांदीजवळच्या घडीवर माझे कापड टरकन फाटले. तिने फाटल्या जागेवर बोट ठेवले आणि ती अकरा वर्षांत पहिल्यांदा रडली. तेव्हाही मला मिटले नाही तिने. उकाडाच तसा होता.

सहा वाजता दार उघडले. या वेळी तिने कुणाला पुढे घातले नाही.

बाराजणांचा घोळका आत सोडला गेला. निळ्या कुंड्या, लाल जिरेनियम, मध्ये विहीर, विहिरीशेजारी खुर्चीत फुएन्सांता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. येणाऱ्या प्रत्येकाला ती या, या म्हणत होती, पण चेहरे तिला दिसत नसावेत. ओब्दुलिया लिंबाच्या झाडाआड उभी राहिली. तिने मला विहिरीच्या काठावर ठेवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. फुएन्सांता फार जवळ होती.

घोळक्यातल्या एका बाईने विचारले, एवढ्या कुंड्या, आजी, तुम्ही एकट्या सांभाळता?

"एकटी कशी?" फुएन्सांता म्हणाली. "आम्ही दोघी बहिणी आहोत. धाकटी बाहेरगावी असते, एवढंच."

घोळका दाराकडे वळला, ओब्दुलियानेही पाऊल उचलले. सव्वासहा झाले होते, गाडी मिळाली असती. पण तिला इतके कोंडल्यासारखे झाले, की सवयीने, काही न कळता, तिने मनगट झटकले आणि मला उघडले.

सर्र. टक्.

फुएन्सांता बोलता बोलता थांबली. बाकीचे अकराजण बाहेर गेले. दारावरच्या माणसाने ओब्दुलियाला हाक मारली, बाई, चला, पुढची माणसं ताटकळलीयत.

"तिला राहू दे," फुएन्सांता म्हणाली. मग तोंड लिंबाच्या झाडाकडे वळवून हात पुढे केला. "आण इकडे."

ओब्दुलियाने मला त्या हातात दिले. तोच हात, मित्रांनो, हाडे वर आलेला. तिने माझ्या काड्या चाचपल्या, तांब्याची तार चाचपली आणि मग फाटलेल्या जागेवर येऊन बोटे थांबली.

"फाटलाय."

"ठेवून ठेवून फाटला."

"वापरायचास की."

"बिल्बाओत उकडत नाही, फुएन."

"मग नेलास कशाला?"

ओब्दुलियाने माझ्या तांब्याच्या तारेवर बोट ठेवले. मग म्हणाली, "आईचा वास होता त्याला. मी आले नव्हते ना. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं."

मला वाटले, आता फुएन्सांता तिला हाकलणार. अकरा वर्षांचे साठलेले होते, आणि तो राग खोटा नव्हता. पण उघड्या अंगणातून कुणाला घालवायचे नसते. तिने हनुवटीने भिंतीकडे इशारा केला.

"वेत दारामागे आहे. वरच्या ओळीला चार दिवस पाणी नाही पोचलं. माझा हात जात नाही तिथवर."

ओब्दुलियाने पर्स खाली ठेवली. डबा विहिरीत बुडवला, वेत उचलला, आणि पहिल्याच खेपेला अख्खा डबा स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतला. फुएन्सांताला ते दिसले नाही, पण ऐकू आले. ती हसली. आधी हसली आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. दारावरचा माणूस पुढचा घोळका अडवून उभा राहिला. पावणेआठची गाडी गेली, कुणी घड्याळ बघितले नाही.

कुंड्या झाल्यावर दोघी शेजारी बसल्या. फुएन्सांताने मला फाटक्या अंगानेच उघडले. एकदा बहिणीवर, दोनदा स्वतःवर.

ओल्या केसांची एकोणसत्तर वर्षांची ओब्दुलिया हळूच म्हणाली, "तुला दोन झाले, मला एकच."

फुएन्सांताने तिला एक जास्तीचा दिला.

मित्रांनो, माझी फाटलेली घडी त्यांनी काळ्या धाग्याने शिवली आहे. टाके दिसतात, मला त्याची लाज नाही. आता माझा खण सुटला, विहिरीजवळच्या खिळ्यावर मी असतो, आणि ओब्दुलिया मे महिन्यात येते ती यादी न घेता. तुमच्या घरात कुणाची आठवण म्हणून काही जपून ठेवले असेल तर ते खणात कोंडू नका. बाहेर काढा, वापरा, झिजू द्या. झिजलेले दुरुस्त होते. मिटून ठेवलेले मात्र आपल्याच घडीवर फाटते, आणि मला वाटते, माणसांचेही काही वेगळे नसावे.

आता जास्त बोलत नाही. सहा वाजतायत, दाराबाहेर रांग लागली आहे आणि फुएन्सांताचा हात मला शोधतो आहे.