काजळी धरलेले चार प्लग

धनजहून कारंज्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, तांड्यापाशी जिथं चढ लागतो तिथं, दोन-अडीचशे माणसं एका मोटारीभोवती हात जोडून उभी होती. मोटार लाल, लांबोडक्या नाकाची. एका गोऱ्या साहेबानं ती शर्यतीत पळवून पळवून जुनी केली आणि विलायतेला परत जाताना धनजच्या उकंडरावांना विकून टाकली. अख्ख्या पंचक्रोशीत तिच्याएवढी वेगानं पळणारी गाडी नव्हती. आणि आज, सलग चौथ्या बुधवारी, ती याच चढाच्या तोंडाशी ठसके देत, काळा धूर ओकत बंद पडली होती.

"चतुश्चक्रबंधिनी, पेट्रोलभक्षिणी, सोड, सोड, सोड!" अंगारेबुवा गाडीच्या नाकावर राख फुंकत ओरडत होता. "हे साधं बंधन नव्हे रावसाहेब! चारही चाकांत चार पिशाच्चं बसली आहेत. पाचवं सुकाणूवर आहे."

"पाचवं कोणतं?" गर्दीतून कोणीतरी भीत भीत विचारलं.

"ते इंग्रजी बोलतं. त्याचं नाव मला उच्चारता येत नाही!"

कोणी हसलं नाही. हसावं असं वातावरणच नव्हतं. कारण गाडीपासून दहा पावलांवर, बाभळीच्या खोडाला बांधून ठेवलेली हिरीबाई बसली होती. तांड्यातली ही साठीची विधवा याच बाभळीखाली रोज शेळ्या घेऊन बसायची. गाडी पहिल्यांदा इथं बंद पडली तेव्हा ती कौतुकानं म्हणाली होती, "घोड्यावानी देखणी हाय वो!" तेवढं पुरे झालं. बुवानं तिला डाकीण ठरवलं. पहिल्या बुधवारी लिंबू कापून भागलं. दुसऱ्या बुधवारी तिची शेळी कापली. तिसऱ्या बुधवारी तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला. आज बुवानं सांगितलं होतं, "डाकिणीचं बळ दातांत असतं. समोरचे दात पाडा, रक्त चाकाला लावा. मग मी यंत्रपूजा करतो."

धनजचा पुंजाजी हातात धोंडा घेऊन पुढे झाला होता. दोघांनी म्हातारीचं तोंड धरलं होतं.

धरमसिंगची सायकल तेव्हा गर्दीत घुसली. हिरीबाई त्याची काकी. तो कारंज्याच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जीनमध्ये इंजिनावर फिटर होता. मुंडणाची बातमी त्याला चार दिवस उशिरा कळली होती आणि तेव्हापासून त्याच्या छातीत निखारा धगधगत होता. आज त्यानं सुट्टी मागितली, मिळाली नाही, तेव्हा तो न विचारता निघून आला होता. त्यानं सायकल तिथंच टाकली आणि पुंजाजीचं मनगट धरून पिरगाळलं. धोंडा खाली पडला.

"हात लावून तं पाहा तिले!" तो गरजला. गर्दी मागे सरली. मग तो उकंडरावांकडे वळला. "मालक, गाडी म्या चालू करून देतो. मंतर नाइ, रक्त नाइ. नाइ चालू झाली तं माहे दात पाडा. सगळे."

"हा अपशब्द आहे!" बुवा किंचाळला. "देवीचा कोप होईल!"

उकंडरावांनी हात वर केला. त्यांना गाडीची लाज वाटत होती. चार आठवडे सारा मुलूख हसत होता. "करू दे त्याले," ते म्हणाले.

धरमसिंगनं खांद्यावरच्या पिशवीतून पाना काढला आणि बॉनेट उघडलं. बातमी सांगणाऱ्याला त्यानं एकच गोष्ट खोदून खोदून विचारली होती, गाडी बंद पडते कशी? काळा धूर, ठसके, मग बंद. तेवढ्यावरून त्याला सगळं समजलं होतं. हाताला फडकं गुंडाळून त्यानं तापलेल्या इंजिनातला पहिला प्लग काढला आणि उकंडरावांच्या नाकासमोर धरला.

"हे काय हाय, मालक?"

"काळं हाय. ओलं हाय."

"काजळी अन् तेल. तुमच्या चुलीवरच्या गंज-पातेल्याच्या बुडाले धरते तशी. ह्या दोन टोकांच्या मंधात ठिणगी उडते, तिच्यानं पेट्रोल पेटते. काजळी धरली की ठिणगी उडतच नाइ. मंग गाडी कायच्यानं चालन?"

"पण इथंच काहून? दरखेपेस इथंच?"

"कारण बुधवारी कारंज्याचा बाजार, धनजपासून इथपर्यंत कापसानं भरलेल्या बैलबंड्या लागलेल्या राह्यते. तुमची गाडी त्यायच्या मांगं बैलाच्या पावलानं येते. हे पलग शर्यतीचे हायत, मालक. भरधाव पळाली तं ते तापते अन् काजळी जळून जाते. हळू चालवली की थंडे राह्यते, अन् काळे होते. कोसभरात भरते. चढ लागला, जोर लागला, की खलास. माह्या काकीचा डोळा नाइ लागला तुमच्या गाडीले. बैलं लागले."

गर्दीत कुजबूज झाली. उकंडराव मात्र पेचात पडले. "मंग बुवाच्या पूजेनं कशी चालू होत होती?"

हाच प्रश्न धरमसिंगला हवा होता. पूजेच्या वेळी, त्यानं ऐकलं होतं, बॉनेटवर भगवं कापड पसरत. आत बुवा आणि ड्रायव्हर जगदेव. बाहेर झांजा आणि डफडं इतक्या जोरानं, की कानाला काही ऐकू येऊ नये. धरमसिंगनं जगदेवचा उजवा हात धरला आणि सगळ्यांसमोर उघडला. चारही बोटांच्या टोकांवर फोड होते. काही जुने, काही ताजे.

"गरम पलग घाईघाईनं काढले की असं होते," तो म्हणाला. "बुवाची झोळी पाहा."

बुवा झोळी छातीशी धरून मागे सरकला, पण तांड्यातल्या बायकांनी वाट अडवली. झोळी उलटी केली. अंगारा, लिंबं, कवड्या, आणि लाल फडक्यात बांधलेले चार स्वच्छ प्लग. सोबत पानाही.

जगदेव मट्कन खाली बसला. "मालक, पहिल्या खेपेलेच मले समजलं होतं. पण तुमी म्हटलं होतं, गाडी बंद पडली तं तुले हाकलून देईन. बुवा म्हणे, दोष तुह्या अंगावर काहून घेतं? डाकिणीवर घालू."

"अन् तू शेळी कापू देली! केस काढू देले!" धरमसिंगनं त्याचा सदरा पकडला, आणि मोठ्या कष्टानं सोडला. "आज दात पाडू देले असते!"

तो पुन्हा इंजिनाकडे वळला. जीनच्या लॉरीला लागतात तसले साधे चार प्लग त्यानं आणले होते. ते हळू चालीतही तापलेले राहतात. एकेक करून बसवले, तारा जोडल्या, हँडल मारलं. दुसऱ्या झटक्याला लाल गाडी गरजून उठली.

"पाहिलंत! माझ्या अंगाऱ्याचा प्रभाव उशिरानं..." बुवानं तोंड उघडलं. उकंडरावांनी छडी उगारली.

"थांबा मालक," धरमसिंग म्हणाला. "त्याले ठाण्यात द्या. त्याले झोडून तुमी सगळे मोकळे होसान, ते मी होऊ देनार नाइ. मंतर त्यानं म्हटला. धोंडा कोणाच्या हातात होता? तोंड कोणी धरलं होतं?"

पुंजाजी जमिनीकडे पाहत राहिला. म्हातारीचं तोंड धरणारे ते दोघं गर्दीत लपायला जागा शोधू लागले.

धरमसिंगनं काकीची दोरी सोडली. तोंड धरताना फुटलेल्या तिच्या ओठातून रक्त येत होतं. दात जागेवर होते. ती उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या माणसांकडे पाहिलं. त्यातले निम्मे तिच्या हातचं ताक पिऊन गेलेले होते.

"धरम पोचला नसता," ती म्हणाली, "तं माहे दात पडले असते. मंग हे दोघं कापडाखाली गेले असते अन् गाडी चालूच झाली असती. अन् तुमी घरी जाऊन लेकरायले सांगतलं असतं, दातातच होतं बाप्पा, आमी आमच्या डोळ्यानं पाह्यलं."

गाडीचं इंजिन एका लयीत धडधडत होतं.

"कापड उचलून पाहाले एक माणूस नाइ निंगाला तुमच्यातून," हिरीबाई म्हणाली. "चार बुधवार. येवढंच करा आता. कोणाच्या अंगाले हात लावाच्या आंधी, कापड उचलून पाहा."