गाळातलं दुसरं टोक

“आता जे सांगतो त्यावर तुमचा काडीइतकाही विश्वास बसायचा नाही,” म्हातारा जोडारी म्हणाला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून बसला.

एकेकाळी हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं की अर्धी गल्ली गोळा व्हायची. समुद्राच्या तळाशी तुटलेल्या केबली वर काढून जोडायच्या, हे त्याचं चाळीस वर्षांचं काम. आणि केबलींबरोबर आणखी काय काय वर आलं ते सांगत सुटायचं, हे त्याचं चाळीस वर्षांचं व्यसन. एकदा म्हणे केबलीला लटकून एक खेकडा वर आला आणि त्याने आठ दिवस जहाजावर मुकादमी केली. एकदा तुटक्या टोकाला कान लावला तर आत कुणा नवराबायकोचं भांडण चाललेलं, आणि म्हातारा शपथेवर सांगायचा की चूक नवऱ्याचीच होती. हे सगळं शंभर टक्के खोटं, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असे. तरी उठून कुणी जात नसे.

आज ऐकायला दोघीच होत्या. टेबलाच्या एका टोकाला मुलगी, समोर कागदांचा ढीग, हातात पेन. खिडकीपाशी विहीणबाई मटार सोलत बसलेल्या. म्हाताऱ्याने गोष्टीत मासा काढला, तोंडाच्या कोपऱ्यापासून शेपटीपर्यंत तीन बसगाड्या लांब, तेव्हा विहीणबाईंनी मान वर न करता सांगितलं की परवापर्यंत तो दोनच बसगाड्यांचा होता, एवढ्यात फारच बाळसं धरलंय मेल्याने.

“समुद्राची हवा असते, विहीणबाई,” म्हातारा म्हणाला. “तुम्हीही चार दिवस या. मग बघा.”

मुलगी हसली नाही. तिने पेन कागदाला टेकवलं आणि म्हणाली की बाबा, मासा राहू दे, वकिलाला पाच वाजता फोन करायचाय.

आता ही भानगड मुळातून सांगितली पाहिजे. अकरा आठवड्यांपूर्वी समुद्राच्या तळाशी एक केबल तुटली आणि पाण्याच्या दोन्ही बाजूंची शहरं दीड दिवस मुकी झाली. फोन लागेनात, बँका चालेनात. त्याच दुपारी एक मालवाहू जहाज त्या केबलीवरून नांगर फरफटवत गेलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी बोटभर जाडीच्या अक्षरांत घातपात छापला आणि सरकारने जहाज बंदरात आणून अडकवून ठेवलं. त्या जहाजाचा सारंग, म्हणजे डेकवरच्या माणसांचा म्होरक्या, ज्याच्या हातात नांगराचा ब्रेक असतो तो, हा म्हाताऱ्याचा जावई.

जावयाचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. ब्रेकचा पट्टा झिजला होता. दोनदा लेखी कळवूनही कुणी बदलला नाही. वादळात साखळी घसरली, नांगर खाली गेला, आणि लाटांच्या दणक्यात चार तास कुणाला पत्ता लागला नाही. चौकशीच्या साहेब लोकांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि मग त्याच्यापुढे केबलीच्या टोकाचा फोटो ठेवला. नांगराने ओढून तुटलेली केबल फाटते, पिंजते. हे टोक तर काकडी कापावी तसं सपाट होतं. म्हणजे नांगराला पातं बांधलं होतं. ते पातं कुठे आहे, एवढंच तो अकरा आठवडे सांगत नव्हता.

आठवड्यातून एकदा, दहा मिनिटं, तो घरी फोन करी. सुरुवातीला चिडायचा. मग आईच्या गुडघ्यांची चौकशी करू लागला. मग दहातली सात मिनिटं नुसता श्वास ऐकू येऊ लागला. कालच्या फोनवर मात्र तो नीट, समजुतीच्या सुरात बोलला. एकाने कबूल केलं तर बाकीचे चौदा जण घरी जाणार होते. त्यातल्या एकाने आपलं बाळ अजून पाहिलंही नव्हतं. तेव्हा आजचा दिवस गेला की उद्या सकाळी दहा वाजता तो कबुलीवर सही करणार होता.

“पण तू केलंच नाहीस ना,” बायको म्हणाली होती.

“इतक्यांदा विचारलंय, की आता मलाच वाटतं, सोडला असेल मीच तो ब्रेक,” तो म्हणाला, आणि मग आईला दे म्हणाला. आईशी तो काय बोलला ते विहीणबाईंनी कुणाला सांगितलं नाही. काल दुपारपासून त्या मटार सोलत होत्या. घरात चार दिवस पुरतील एवढे झाले होते, तरी हात थांबत नव्हता.

वकील म्हणाला होता की सपाट टोक आणखी कशाने होऊ शकतं, हे केबली जाणणाऱ्या माणसाने लिहून दिलं तर निदान सही पुढे ढकलता येईल. आणि केबली जाणणारा माणूस घरातच होता. नुसता जाणणारा नव्हे. ही केबल वर काढून जोडली ती त्यानेच.

म्हणूनच पोरीने पेन हातात घेतलं होतं. आणि म्हणूनच म्हातारा मासा लांबवत होता.

कारण ते टोक सपाट कशाने झालं हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

दुरुस्तीच्या जहाजावर जोडाऱ्यांचा एक जुना नेम आहे. फाटकं टोक डेकवर ठेवायचं नाही. केबलीच्या बाहेरच्या पोलादी तारा तुटताना ताणून सुईसारख्या होतात, हात लागला की बोट फोडतात, उसळल्या तर डोळा घेतात. शिवाय तुटल्या जागेतून समुद्राचं पाणी आत चढलेलं असतं. तेव्हा आधी कुजकं कापायचं, समुद्राला परत द्यायचं, आणि मगच चांगल्याला हात लावायचा. जो जोडारी तुटकं टोक राखून ठेवतो त्याची तीच केबल वर्षाच्या आत पुन्हा तुटते, असंही म्हणतात. म्हाताऱ्याला हे त्याच्या उस्तादाने शिकवलं, आणि त्याने पुढे सहा जणांना शिकवलं.

त्या दिवशी तळ खरवडणाऱ्या लोखंडी गळाला लागून टोक वर आलं ते पिंजलेलंच होतं. एका तारेने त्याचा अंगठा फोडला. त्याने शिवी हासडली, ग्राइंडर चालवला, चार मीटर तुकडा कापला आणि पायाने लोटून दिला पाण्यात. दुसरं टोक गाळात इतकं खोल रुतलं होतं की ते तिथेच सोडून पुढून केबल कापून उचलली. मग डेकवरच्या तंबूत बसून त्याने केसासारख्या काचेच्या तारा एकेक करून जोडल्या. प्रकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ गेला. चाळीस वर्षांत त्याचा एकही जोड उघडला नव्हता. हाही उघडायचा नव्हता.

तुकडा टाकल्यावर दोन तासांनी किनाऱ्यावरून हुकूम आला की घातपाताचा संशय आहे, तुटलेलं टोक जसंच्या तसं जपून ठेवा. जहाजावरचा मुख्य इंजिनियर, म्हाताऱ्याच्या मुलाच्या वयाचा, धावत आला. जोडताना वाचलेला वीतभर तुकडा बाकाखाली पडला होता. त्याने तो उचलून विचारलं, टोक असंच आलं ना, उस्ताद?

म्हाताऱ्याने मान हलवली. एवढंच. दुसऱ्या जहाजावरचे कुणी परके लोक, आपल्याला काय करायचंय. आणि निवृत्तीला सहा महिने उरलेल्या माणसाने पुरावा समुद्रात लोटला हे कोणत्या तोंडाने सांगायचं. संध्याकाळी त्या तुकड्याच्या फोटोचा कागद पुढे आला, त्यावर सही केली. त्या अडकवलेल्या जहाजाचं नाव रेडिओवर सांगितलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. ऐकलं तेव्हा तो ब्रेडला लोणी लावत होता. लावतच राहिला, आधी ब्रेडला, मग हाताला.

घरी परतल्यापासून त्याने तीनदा तोंड उघडलं होतं. पहिल्यांदा दारातच, पण पोरीने त्याला मिठी मारली आणि म्हणाली बरं झालं तुम्ही आलात, आता मला आधार आहे. दुसऱ्यांदा वकिलाच्या जिन्यावर, तर तिथे खेकड्याची गोष्ट निघून गेली. तिसऱ्यांदा परवा, आणि जिभेवर आलेल्या वाक्याला अचानक कल्ले फुटले, शेपूट फुटली, आणि मासा तयार झाला. आयुष्यभर त्याने खोटं इतकं चोख जोडलं होतं, की खरं बोलायला जावं तर जीभ आपसूक सरावाच्या वाटेने निघे.

गाळातलं ते दुसरं टोक अजून तिथेच होतं. कुठे आहे हे त्याला माहीत होतं. उपसून काढलं तर पिंजलेलं निघेल आणि जावई घरी येईल, हेही माहीत होतं. रोज पहाटे जाग येताच आधी तेवढंच आठवायचं.

“बाबा,” मुलगी म्हणाली, “साधं सांगा. गळ टाकला. टोक वर आलं. हातात घेतलंत तेव्हा कसं होतं? सपाट कशाने होतं केबलीचं टोक? दगडावर घासून? काहीही असू दे, मी लिहिते.”

म्हाताऱ्याने तिच्या हाताकडे पाहिलं. पेनची शाई बोटाला लागली होती.

“तेच तर सांगतोय,” तो म्हणाला. “मासा म्हणजे साधासुधा नव्हे. त्याने केबल धरली दाढेत आणि मागे सरकायला लागला. रस्सीखेच. इकडे आमचं जहाज, तिकडे तो.”

“जिंकलं कोण?” विहीणबाईंनी विचारलं. कालपासून त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता, म्हणून म्हाताऱ्याला चेव आला.

तो सांगू लागला की खेचता खेचता केबल कशी किंचाळली, पोलाद रडतं ते कसं ऐकू येतं, आधी बाहेरच्या तारा कशा एकामागोमाग सुटल्या. सांगता सांगता त्याचे हात टेबलावर आले आणि तिथे नसलेली केबल धरून बसले. आवाज खाली आला. मासा कुठे मागे पडला ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

“आणि वर आली तेव्हा एकेक तार ओढून ओढून बारीक झालेली. टोकाला अगदी सुई. एक इकडे वाकलेली, एक तिकडे. जुन्या केरसुणीसारखा पिसारा नुसता. आत तांबं फाटून उलटलेलं. मधून गाळ गळतोय. ही इथे, अंगठ्याला घुसली त्यातली एक, रक्त थांबेना…”

“दाढेत अडकलेलं काढायला टूथपिक म्हणून वापरली असेल माशाने,” विहीणबाई म्हणाल्या. म्हातारा हसला. बऱ्याच दिवसांनी दोघंही जरा हसली.

मुलीने लिहायचं थांबवलं होतं. तिने ढिगातून फोटो काढला आणि टेबलावर बापाच्या दोन हातांच्या मध्ये ठेवला. टोक सपाट, कड चकचकीत, शेजारी मोजपट्टी. खाली त्याची सही. ती त्याच्या अंगठ्याकडे पाहत राहिली. तिथे पांढरी, ताजी खूण होती.

“पिसारा कुठे गेला?” तिने विचारलं.

म्हाताऱ्याने घसा खाकरला. म्हणाला की त्याचं असं झालं, तो मासा फिरून परत आला, आणि रागाच्या भरात…

विहीणबाईंचे हात थांबले.

“खोटं,” मुलगी म्हणाली. “मासा नव्हताच, बाबा. पिसारा होता, आणि तो तुम्ही कापलात.”