धागा संपला

“धागा संपला,” आई म्हणायची, आणि गोष्ट तिथंच थांबायची.

टपाल कचेरीच्या काउंटरवर जाड पाकिटाचं तोंड बंद करताना चिकटपट्टी अर्ध्यातच संपली, तेव्हा तो जुना आवाज ठकीच्या कानाशी येऊन बसला. पडद्यांची तुरपाई करताना आई गोष्ट सांगायची. सुईत धागा असेपर्यंत गोष्ट चालायची. नावाडी ऐन प्रवाहात वल्हं हरवून बसलेला असायचा, नाव गरागरा फिरत असायची, आणि आई गाठ मारून दातांनी धागा तोडायची.

“मग?”

“मग काय, उद्या. धागा संपला.”

“मी नवं रीळ आणते.”

“रीळही संपलं.”

मग आई मशीनवर बसायची, आणि पोर कापडाच्या गठ्ठ्यांमागच्या कोपऱ्यात जायची. तिथं चिंध्यांची बाहुली होती, आईनंच उरल्यासुरल्या तुकड्यांची केलेली. त्या बाहुलीला ती पुढचं सांगायची, कारण नावाड्याला कुणीतरी काठाला लावायलाच हवं होतं. तेवढ्या वेळात मशीनची घरघर हळू व्हायची. दुपार कलली की आईचे पाय दमत असतील, असं तिला वाटायचं. बाहुलीचं नाव ठकी. पुढं घरातल्यांनी ते बाहुलीवरून उचलून पोरीला लावलं, आणि ते तिच्या केसांत पांढऱ्या तारा दिसू लागल्या तरी सुटलं नाही.

“उरकतंय का, बाई?” रांगेतून कुणीतरी विचारलं.

काउंटरवरच्या माणसानं डिंकाची बाटली पुढं सरकवली. ठकीनं पाकिटाचं तोंड दाबून धरलं, डिंक सुकेपर्यंत, लेकराच्या कपाळावर हात ठेवावा तसं. आत कादंबरीची पहिली तीन प्रकरणं होती, सगळ्या कथेचा सारांश होता, आणि लेखिका म्हणून आईचं नाव होतं. ‘परिचय’ या शब्दाखाली तिनं आईबद्दल भरभरून लिहिलं होतं. स्वतःबद्दल एकच शब्द, लेखनिक.

आई त्याला कादंबरी म्हणत नसे. “ते आपलं” म्हणायची. बोटांचे सांधे सुजून सुई धरवेना, तेव्हा मशीनवर झाकण चढलं, आणि जन्मभर शिवत आलेल्या बाईला रिकामं बसणं जड झालं. हातांचं काम तोंडानं उचललं. ठकी चष्म्याच्या दुकानातल्या कामावरून घरी आली, तोंडावर पाणी मारलं, की दोघी मशीनच्या दोन बाजूंना बसायच्या. आई सांगायची, ठकी लिहून घ्यायची.

एक होती थोरली, एक होती धाकली,
चार पावलांत चपलांची जोडी एकली.

असं सुरू व्हायचं ते. दोघी बहिणी, दोघींत चपलांचा एकच जोड. एक बाहेर गेली की दुसरीनं घरात थांबायचं. एवढ्याशा गोष्टीत आईनं किती काय भरलं होतं! थोरलीची कामं, धाकटीची खिडकी, बापाची चिडचिड, चपलांचे बदललेले अंगठे, आणि कुणाची पाळी यावरून दोघींत झालेले अबोले.

पहिल्या प्रकाशनानं तीन ओळींत नकार कळवला. दुसऱ्यानं पोच दिली आणि मग मूग गिळले. हे तिसरं. त्यांच्या सूचनांत स्पष्ट लिहिलेलं होतं की लेखकांनी मजकूर थेट पाठवावा, उत्तराला काही महिने लागतील, मध्ये फोन करू नये.

दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासणारे भिंगकाका होते. त्यांना हे पटेना. ओळख नाही, पाळख नाही, कुणी शब्द टाकणारा नाही, असं पाकीट ढिगात पडलं की पडलंच, असं त्यांचं म्हणणं. तिकडं परदेशात असतात म्हणे मधली माणसं, लेखकाच्या वतीनं बोलणारी. तसा एखादा गाठ. ठकीनं हे घरी सांगितलं तेव्हा आई हसली.

“खरंच की. लग्न जमवायलासुद्धा मध्ये कुणीतरी लागतं. आपण पोरीला एकटीच पाठवली, हातात पत्ता देऊन.”

तेव्हापासून त्या प्रकाशनाला ‘स्थळ’ असं नाव पडलं. ठकीनं दारात पाऊल टाकलं की आतून आवाज यायचा, स्थळाकडून काही निरोप? नाही म्हटलं की आई लगेच त्यांची बाजू घ्यायची. मोठं घर आहे, त्यांच्याकडं माणसं येत-जात असणार, आपल्यासारख्या छप्पन्न सांगून आलेल्या असणार. आणि पहिल्या नकाराची आठवण निघाली की म्हणायची, त्यांना बुटातली हवी असेल, आपली चपलांतली.

ठकी हसायची, पण तिच्या मनाला एक खडा टोचत होता. तो तिसऱ्या प्रकरणाचा होता.

त्या दिवशी आईच्या अंगात ताप होता. तरी सांगायला बसली. चपला घालून थोरली कामाला गेली, असं तिनं सांगितलं. संध्याकाळ झाली. दिवे लागले. थोरली येईना. धाकटी उंबऱ्याशी उभी, आणि बाहेर जायला पायात काही नाही. इथं आईचा आवाज थांबला. डोळे मिटलेले होते.

“मग?” ठकीनं विचारलं.

आईचा श्वास तेवढा ऐकू आला. ठकीनं तिच्या अंगावर पांघरूण घातलं आणि दिवा मंद केला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि आईनं सांगायला सुरुवात केली ती थेट दोघी बहिणी हातात हात धरून घरी परत येतात तिथून. मधलं गेलं कुठं? विचारावं, असं ठकीच्या जिभेवर आलं होतं. पण आजारातून उठलेल्या माणसाला तू विसरलीस असं कसं म्हणायचं.

सुट्टीच्या दिवशी आई शेजारी गेली असताना तिनं ते मधलं लिहून काढलं. एवढंच ठरवलं होतं की दोन्ही तुकडे सांधायचे. पण धाकटीनं उंबरा ओलांडला, आणि ठकीच्या हाताला थांबता येईना. धाकटीला पहिल्यांदाच रस्ता तळव्यांनी कळत होता. खडी टोचत होती, बेकरीसमोरची फरशी कोमट लागत होती, पुलावरचं लोखंड गार. चपलांची पाळी कधी येईल म्हणून ती जन्मभर थांबली होती, आणि चालायला पाय तर तिचेच होते.

लिहिलेलं आईला वाचून दाखवायचा रिवाज होता. आई सुखासुखी ऐकणारी नव्हती. मी ‘गेली’ म्हटलं होतं, तू ‘निघून गेली’ का लिहिलंस, असं दर ओळीला अडवायची. त्या दिवशी एकदाही अडवलं नाही. तोंड खिडकीकडं करून बसली होती. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाली, “पुन्हा वाच.”

आपणच तापात हे सांगितलं, असं आईला वाटत असणार. ठकी तसं धरून चालली. चोरानं घरातलं काही न उचलता स्वतःचंच काहीतरी ठेवून जावं, तसं तिला तेव्हापासून वाटत होतं. ते परत मागताही येईना, आणि तिथं राहू देणंही बरं वाटेना.

फोन आला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवत होती. पलीकडं घोगऱ्या आवाजाची बाई होती. प्रकाशनाची संपादक, असं तिनं सांगितलं. ठकीनं गिऱ्हाइकाचा चष्मा तसाच तिरका सोडला आणि मागच्या खोलीत गेली. भिंगकाकांनी चाक थांबवलं.

संपादकबाईंनी घाईनं काही कबूल केलं नाही. अजून काही पक्कं नाही, पुढचं वाचल्याशिवाय आपण शब्द देत नसतो, असं त्यांनी आधीच बजावलं. उरलेली प्रकरणं पाठवा म्हणाल्या.

“आणि तिसरं प्रकरण मी दोनदा वाचलं,” त्या म्हणाल्या. “ती मुलगी अनवाणी निघते ते. मला तुमच्या आईंशी त्याबद्दल बोलायचंय. शनिवारी सकाळी याच नंबरवर करू?”

ठकी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार. फोन ठेवल्यावर भिंगकाकांनी विचारलं, आनंदाची बातमी आहे ना, मग चेहरा असा का? तिनं सगळं सांगून टाकलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. त्यांनी हातातली काच उजेडाला धरली, पुसली, पुन्हा धरली.

“आईचा नंबर आईला, तुझा तुला,” ते म्हणाले. “दोघींनी एकच चष्मा घातला तर दोघी ठेचकाळाल.”

घरी तिनं अर्धीच बातमी दिली. उरलेलं मागवलंय, शनिवारी बाई तुझ्याशी बोलणार आहेत. आईनं ऐकलं आणि एकदम उठली. मशीनवरचं झाकण काढलं, चाक पुसलं, पट्ट्याला हात लावून बघितला. आपण काहीतरी करायलाच हवं, पण काय ते सुचत नाही, असं ते उठणं होतं.

“म्हणजे बघायला येणार,” ती म्हणाली. “पसंती अजून नाही. हुरळून जायचं नाही.”

आणि स्वतःच हुरळली. फोनवर दिसत नाही असं सांगूनसुद्धा शनिवारसाठी चांगले कपडे काढून ठेवले. शेजारणींना सांगितलं. जेवताना मध्येच हसायची. ठकी तिच्याकडं बघायची आणि घास फिरवत राहायची. सांगितलं, तर एवढ्या वर्षांनी आईच्या हाती लागलेल्या कौतुकातला नेमका मधला तुकडा काढून घेतल्यासारखं होणार. नाही सांगितलं, तर परक्या बाईसमोर आई गोंधळणार, जे आपल्याला सुचलंच नाही ते कसं सुचलं म्हणून विचारलं जाणार. रोज सकाळी ती ठरवायची, आज. रोज संध्याकाळी आईचा चेहरा बघून ते आज उद्यावर जायचं.

शनिवार उजाडला. आई चांगले कपडे घालून मशीनपाशी बसली होती. मांडीवर उशीचा जुना अभ्रा होता, कड उसवलेली. फोन तिनं मधोमध मशीनवर ठेवला होता, पाहुण्यांसाठी पाट मांडावा तसा.

ठकी समोर बसली.

“आई, ते तिसरं प्रकरण…”

“आधी सुई ओवून दे.”

“तुला कुठं शिवता येतंय आता?”

“एक टाका घालता येतो. फोनची वाट बघत नुसतं बसवत नाही. ओव.”

ठकीनं सुई उजेडाला धरली. रिळाचा धागा ओठांत ओला केला, ओवला आणि नेहमीसारखा हातभर तोडायला गेली.

“लांब घे,” आई म्हणाली. “अजून. अजून घे.”

धागा खिडकीपर्यंत गेला. आईनं सुई दोन सुजलेल्या बोटांत कशीबशी धरली. पहिला टाका तिरका पडला. तिनं तो उसवला नाही.

“ती धाकटी अनवाणी निघते ना,” ठकी खाली बघत म्हणाली, “ते तू सांगितलं नव्हतंस. ते मी घातलं. मधे जागा राहिली होती म्हणून. तुला ताप होता, तू विसरलीस असं मला वाटलं, आणि मग वाचून दाखवल्यावर तू काही बोलली नाहीस, म्हणून मीही…”

आईनं दुसरा टाका घातला. तो पहिल्यापेक्षा सरळ होता.

“मी कसं बोलणार होते?” ती म्हणाली. “मधे बोलले असते तर तू थांबली असतीस.”

ठकीनं मान वर केली.

“तुला माहीत होतं?”

“माझ्या धाकटीला मी उंबऱ्यापर्यंतच आणू शकले गं. पुढं तिला कसं न्यायचं, ते मला येत नव्हतं.”

मशीनवर फोन थरथरला. नंबर तोच होता. तो वाजत राहिला आणि पुसून लख्ख केलेल्या लाकडावरून हळूहळू ठकीच्या बाजूला सरकू लागला. आईनं हाताच्या पाठीनं त्याला उरलेला धक्का दिला.

“घे. तुझ्याशी बोलायचंय त्यांना.”

“पण त्या दिवशी तू झोपली होतीस. मी पांघरूण घातलं तुझ्यावर.”

“ताप होता,” आई म्हणाली. “झोप नव्हती लागली.”

ठकीनं फोन उचलला. पलीकडून घोगरा आवाज म्हणत होता, हॅलो, लेखिका बोलताहेत का? तिचा हात कानापाशी तसाच राहिला. आईनं तिसरा टाका घातला, धागा ओढून घेतला, तरी तो खिडकीपर्यंत उरलाच होता. मग तिच्याकडं न बघता ती हळूच म्हणाली,

“आणि ठके, तू बाहुलीला सांगायचीस ना, तेव्हाही कधी धागा संपलेला नसायचा.”