मंगळवार जोरात, बुधवार हळू

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीटसे आठवत नाही. आठवते ती इटेनची लाल माती. केनियातल्या या उंच गावात बार्नगेटुनी नावाच्या शिक्षकांनी मला गळ्यात अडकवले आणि पुढची एकवीस वर्षे मी त्यांच्या छातीवर उड्या मारत राहिले. सगळे त्यांना म्वालिमु म्हणत, म्हणजे गुरुजी.

मंगळवार आला की माझ्या अंगात वारे संचारायचे! मातीच्या मैदानावर चारशे मीटरचे बारा फेरे, तेही जीव तोडून. म्वालिमुंचा अंगठा पडला रे पडला की माझा काटा उसळायचा. बुधवार मात्र मला मुळीच आवडत नसे. त्या दिवशी सगळे इतके हळू धावत, की दप्तर पाठीवर घेतलेली शाळकरी पोरे त्यांना मागे टाकून हसत पुढे जात.

जेमेलीलाही बुधवार आवडत नसे. म्वालिमुंकडे धावायला शिकणारी ही पोर एकोणीस वर्षांची होती. ज्युनियर संघात जाण्याची तिची ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या वर्षी तिचे वय उलटणार होते. निवडीची शर्यत सहा आठवड्यांवर आली होती आणि पहिल्या दोघींनाच संघात जागा होती.

पहिल्या मंगळवारी तिचा फेरा बहात्तर सेकंदांत झाला. मी खूश! पुढच्या मंगळवारी चौऱ्याहत्तर. त्याच्या पुढच्या वेळी शहात्तर, आणि नवव्या फेऱ्यात तर ती गुडघ्यांवर हात टेकून थांबलीच.

"म्वालिमु, घड्याळ बिघडलंय का हो तुमचं?" तिने धापा टाकत विचारले.

मला असा राग आला म्हणता!

"घड्याळ ठणठणीत आहे," म्वालिमु म्हणाले. "काल काय केलंस?"

"काल सुट्टी होती ना. आराम केला."

तिच्या खोलीत राहणारी चेलागाट फिस्कन हसली. "आराम? मग तुझे बूट दवानं भिजले कसे गं? झोपेत चालतेस वाटतं?"

जेमेलीचे डोळे भरून आले. "सगळ्या झोपतात तेव्हा मी पळाले तरच पुढे जाईन ना!"

म्वालिमु तिच्याशेजारी गवतावर बसले. "पोरी, मंगळवारी आपण पायांना दमवतो. ते ताकद धरतात झोपेत, मक्याच्या पिठाच्या पोटभर उगालीत, बुधवारच्या रमतगमत पळण्यात. तू त्यांना ताकद धरू देशील तर ना!"

त्यांनी तिला पाच दिवस घरी पाठवले. ती झोपली, गायींमागे हिंडली, आईच्या हातचे आंबवलेले दूध प्यायली. परत आल्यावर म्वालिमुंनी मला चक्क तिच्या गळ्यात घातले. "दहा किलोमीटर. सत्तर मिनिटांच्या आत परत आलीस, तर मंगळवारचा सराव बंद."

हळू धावायची शर्यत! मी तर चक्रावलेच. आणि जेमेली हरली. सवयीने पाय सुटले आणि ती अठ्ठावन्न मिनिटांत परतली. मंगळवारी बाकीच्या धावत होत्या आणि ती कुंपणाला टेकून रडत होती.

बुधवारी चेलागाट तिच्यासोबत निघाली. सगळ्या वाटेने तिची बडबड चालू होती. "अगं हळू! ती म्हातारी बघ, डोक्यावर मोळी घेऊन आपल्याला मागे टाकतेय. टाकू दे, टाकू दे! तिची निवड व्हायची असेल." जेमेली खळखळून हसत होती. माझ्याखाली तिचे काळीज संथ, शांत वाजत होते. फाटकाशी मी दाखवले, एकाहत्तर मिनिटे! चेलागाट नाचू लागली. "जिंकलो! सगळ्यांत शेवटी आलो!"

पुढच्या मंगळवारी जेमेलीचे अकरा फेरे प्रत्येकी एकाहत्तर सेकंदांत झाले, आणि बारावा एकोणसत्तरात! खरे सांगते, त्या दिवसापासून मला बुधवार आवडू लागला.

मग एल्डोरेटला निवडीची शर्यत झाली. पाच हजार मीटर, साडेबारा फेरे. शेवटच्या फेऱ्याची घंटा वाजली तेव्हा जेमेली तिसरी होती, दुसरीच्या दहा पावले मागे. म्वालिमु मला मुठीत धरून कुंपणावरून वाकले.

"आता, जेमेली! आता!"

"पळ गं बये!" चेलागाटचा आवाज पार फाटला होता.

आणि जेमेली सुटली! वळणावर अंतर पाच पावले उरले. मग दोन. मग खांद्याला खांदा! अख्खे मैदान उभे राहिले. रेषेपाशी तिने छाती पुढे झोकली आणि वीतभर अंतराने ती दुसरी आली. संघात!

म्वालिमुंनी टोपी भिरकावली, चेलागाटला मिठी मारली, कुंपण ओलांडून ते धावत सुटले. या सगळ्यात मला थांबवायचे मात्र राहूनच गेले. त्यांनी पाहिले तेव्हा मी बावीस मिनिटे दाखवत होते.

"बावीस?" चेलागाट म्हणाली. "म्वालिमु, एवढ्यात तर माझी आजीसुद्धा पोचली असती!"

जेमेली हसता हसता जमिनीवर आडवी झाली. ती चुकीची वेळ माझ्या आयुष्यातली सर्वांत सुंदर वेळ आहे.

आता सगळ्यांच्या मनगटावर नवी घड्याळे आली आहेत. मी म्वालिमुंच्या स्वयंपाकघरात फळीवर असते. धूळ बसते, थोडे वाईटही वाटते.

मित्रांनो, जीव ओतून धावा. पण दमलात तर पोटभर जेवा, निवांत झोपा, आणि कुणी हळू धावताना दिसले तर हसू नका. तुमच्या घरी माझ्यासारखे चावीचे घड्याळ असेल, तर त्याची आतली कमान, म्हणजे स्प्रिंग, सदा ताणून ठेवू नका. काम झाले की तिला सैल होऊ द्या. म्वालिमु रोज संध्याकाळी तेवढे न चुकता करत. म्हणून मी अजून चालते.