बासष्टचा अर्थ

मी एक जुनी प्रश्नावली आहे. दोन पाने, अठरा प्रश्न आणि प्रत्येकापुढे शून्य ते चार अशा चौकटी. मोबाइलवर अश्लील चित्रफिती बघण्याची सवय एखाद्या माणसाच्या किती हाताबाहेर गेली आहे, हे मोजण्यासाठी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी नेमके काय मोजत होते, हे मात्र मला अजून उमगलेले नाही.

बडोद्याच्या नीरजाताईंनी मला घडवले. त्या सुभानपुऱ्यात समुपदेशन करतात. इंग्रजी प्रश्न मराठीत आणताना त्या एका शब्दावर अडल्या. ‘व्यसन’ लिहिले, खोडले. मग ‘नाद’ लिहिले. शेवटी दांडिया बाजारात माहेरी जाऊन त्यांनी वडिलांना विचारले. दामोदरपंत निवृत्त शिक्षक. विषय कळल्यावर त्यांनी कागद स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाले, “नाद गाण्याचाही असतो. ‘स्वतःला आवरता येत नाही’ असं लिही. सगळ्यांना कळेल.” तोच माझा पहिला प्रश्न झाला.

सुरुवातीची वर्षे कौतुकाची होती. बेरीज चाळीसच्या वर गेली की उपचार हवेत, असे ठरलेले होते. ही प्रश्नावली सहसा चुकत नाही, असे ताई इतरांना सांगत. मला अभिमान वाटे.

मग धैर्यशील आणि संयोगिता आले. तो पाणीगेटजवळ राहणारा, पस्तिशीचा, संस्थानच्या फौजेत पिढ्या गेलेल्या घरातला. त्याच्या मोबाइलमध्ये संयोगिताला काही सापडले होते आणि तिने बॅग भरली होती. तो बाहेर मला भरत असताना तिने ताईंना स्वच्छ सांगितले, की हा आजार असेल तर मी थांबेन, सगळे करेन. आजार नसेल, तर मी त्यांना नकोशी झाले एवढाच त्याचा अर्थ.

धैर्यशीलने पेन इतके दाबून खुणा केल्या, की त्या मागच्या बाजूला उमटल्या. बेरीज बाहत्तरपैकी बासष्ट आली. एवढी कधीच आली नव्हती.

ताईंनी त्याला एकट्याला बोलावून विचारले, किती वेळ बघता? महिन्यातून दोनदा, वीसेक मिनिटे, तो मान खाली घालून म्हणाला. बघितले की दुसऱ्या दिवशी तो उपास करी आणि देवघरात पाऊल टाकत नसे.

मी चक्रावले. त्याच आठवड्यात हार्दिकभाई नावाच्या गृहस्थाची बेरीज अकरा झाली होती. ते रोज चार-चार तास बघत, त्यापायी नोकरी गेली, पण त्यांना त्यात वावगे काही वाटत नव्हते. मग मी सवय मोजते की लाज?

ताई मला हातात धरून बसून राहिल्या. नुसता आकडा दाखवला असता, तर संयोगिता थांबली असती. मला तर वाटत होते, दाखवावा.

“किती आलं?” आत येताच संयोगिताने विचारले.

“बासष्ट,” ताई म्हणाल्या. “पण तो बघण्याचा आकडा नाही, लाजेचा आहे. हा आजार आहे, असं मी म्हणू शकत नाही.” आणि त्याच्या परवानगीने त्यांनी देवघराचेही सांगितले.

संयोगिता नवऱ्याकडे वळली. “म्हणून देवघरात येत नव्हतात? मला वाटायचं, मी तिथं असते म्हणून.”

“तुझ्यासमोर उभं राहवत नव्हतं,” तो म्हणाला.

तिची बॅग आठवडाभर भरलेलीच होती, मग रिकामी झाली. राग सगळा गेला नव्हता. दोघे महिन्यातून एकदा येत राहिले, आणि माझ्यावर पुन्हा एकही खूण न करता तासतासभर बोलत राहिले.

आता ताईंकडे नवे प्रश्न आहेत. त्यात वेळ वेगळा विचारतात, लाज वेगळी. मी खालच्या खणात पडून असते. तक्रार नाही, पण मी नेमके काय मोजले, हे कोडे सुटलेले नाही.

मित्रांनो, कुणाचा आकडा तुमच्या हाती आला, तर त्याला लगेच नाव देऊ नका. थोडा वेळ समोर बसा. पेन खाली ठेवल्यावर माणसे जे बोलतात, ते लिहायला माझ्यावर जागाच नव्हती.